साडेचार मीटर

पहिली जोडी मी मारुती रोडवरनं आणली,
नव्वद रुपयांची, गुलाबी,
रबरासारखी ताणणारी.
दुकानदार म्हणाला, घट्ट बसते.
बसलीच.
दुसऱ्या राउंडला बोटं माझी राहिली नव्हती,
मुंग्या आलेली, निळसर, कुणाची तरी उसनी.

नदाफ सरांनी ती सोडवली,
एकदा ताणली,
आणि वाऱ्यानं आपटणारं हॉलचं दार
गजाला बांधून टाकलं तिनं.
"ह्या कामाला बरी हाय."

सरांचे आजोबा कापूस पिंजायचे, मिरजेत.
सर अजून कुठलंही कापड
आधी अंगठ्यात नि तर्जनीत चोळतात,
मग बोलतात.
"सूत घाम पितं. रबर नुसतं धरून बसतं.
थोडं रबर चालंल,
चहात आलं चालतं तेवढं.
आणि लांबी साडेचार मीटर घे.
मनगट बारीक हाय तुझं,
पण राग लांब हाय."

अंगठ्यात फास.
हाताच्या पाठीवरनं जा, तळव्यावरनं नाही.
मनगटाला तीन येढे, गाठींवर तीन,
मग करंगळीपासनं एकेका फटीतनं.
बोटं फाकव.
फाकव म्हणलं की! मूठ नंतर.
आवळल्यावर घट्ट, सोडल्यावर सैल.
उलटं झालं तर सोड, परत बांध.

सोडलं, परत बांधलं.
सबंध ऑगस्ट मी एकही ठोसा मारला नाही.

रोज धुवायची, सावलीत वाळवायची,
फास आत राहील अशी गुंडाळी करायची.
संजयनगरात आमच्या दोरीवर
नऊ हात पांढऱ्या पट्ट्या लोंबताना बघून
शेजारच्या कोंडूबाई विचारायच्या,
"कुणाला लागलंय गं?"

मिरजेच्या स्पर्धेला दोन दिवस उरले
आणि एक पट्टी नाही.
भावाला शिव्या घातल्या, गादी उलटी केली.
सातला आई मार्केट यार्डातनं आली,
हळकुंडं निवडून, चाळून,
भुवयांपर्यंत पिवळी.
पदराखाली उजवं मनगट,
त्यावर माझी पट्टी,
पोत्याच्या तोंडाला मारतात तसली गाठ.

"चाळण फिरवून धरतं गं मनगट.
धुऊन ठेवणार होते."

गाठ दातानं सोडवावी लागली.
खाली लाल वळ.
म्हटलं, हात दे.
अंगठ्यात फास. पाठीवरनं.
"बोटं मोकळी ठेव, उद्या निवडायचंय."
बोटं फाकव.
"अगं पण..."
फाकव म्हणलं की.

तिनं मूठ आवळली
आणि दिव्याकडं धरून बघत राहिली,
उलटी करून, सुलटी करून,
बाजारात नवी वस्तू बघावी तशी.
"कशाला एवढं," म्हणाली,
आणि भाकरी डाव्या हातानं मोडली.

दुसऱ्या दिवशी साबण लावला
तर हळद लालभडक झाली,
बादलीत रक्त सांडल्यासारखी.
लिंबू पिळलं, उन्हात टाकली,
सरांना न सांगता.
तरी रंग राहिलाच.

मिरजेत तपासणीचा माणूस थांबला.
"हे काय? जखम आहे?"
हळद.
त्यानं वास घेतला,
मला वाटलं हसेल, हसला नाही.
एक सही पांढऱ्या मनगटावर केली,
एक पिवळ्या.

पाचातल्या तिघांनी तिला दिलं.
कुपवाडची होती, उंच, डावखुरी.
मनगट मात्र जागेवर होतं.
सर म्हणाले, बघू पुढच्या टायमाला,
आणि पट्टीचं पिवळं टोक
अंगठ्यात नि तर्जनीत चोळत राहिले.

परवा परत मारुती रोडला गेले.
दुकानदारानं गुलाबी काढली.
म्हटलं, ती ठेवा, सुती दाखवा.
चोळून बघितली, लांबी हातानं मोजली.
तो म्हणाला, तुझ्या हाताला जास्त होईल ही.
म्हटलं,
माझ्या हाताला नकोच आहे.